ग्वाल्हेरहून जहाजावर जायचं तर: माझा जीपी रेटिंगचा अनुभव

ग्वाल्हेरात दहावी-बारावी झालेल्या मुलाला काय करतोस विचारलं तर उत्तरं ठरलेली, फौजेची तयारी, पोलीस भरती, एसएससी, रेल्वे. सकाळी कुठल्याही मैदानावर जा, भिंड-मुरैनाची पोरं पळताना दिसतील. त्या सगळ्याचा फॉर्म कधी निघतो, छाती किती लागते, क्लास कुठला चांगला हे गल्लीतल्या कुणालाही पाठ असतं. पण मर्चंट नेव्हीत डेकवर खलाशी म्हणून लागायचं तर नेमकं काय करायचं हे माझ्या वेळी ग्वाल्हेरच्या आख्ख्या लष्कर भागात मला एक माणूस सांगू शकला नाही. आजही तेच आहे, सुट्टीवर घरी आलो की कोणीतरी मुलाला घेऊन येतंच, दादा कोर्स कुठला, खर्च किती, अमुक एजंट म्हणतो तीन लाख द्या थेट जहाजावर चढवतो, खरं असतं का ते. प्रत्येकाला तेच तेच सांगतो आणि घाईत काहीतरी राहून जातं, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. लांबलचक होणार आहे, पण ज्याच्या घरातले दोन-अडीच लाख पणाला लागणार आहेत त्याने पूर्ण वाचावं.

आधी एक गोष्ट मोकळी करतो. मर्चंट नेव्ही म्हणजे इंडियन नेव्ही नाही. हे सरकारी नोकरीतलं नाही, पेन्शन नाही, बंदूक नाही. मालवाहू जहाजं असतात, कोळसा, गहू, कंटेनर, तेल वाहून नेणारी, आणि त्यावर दोन तऱ्हेची माणसं असतात, ऑफिसर आणि रेटिंग. ऑफिसर व्हायचं तर बारावीला फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स लागतं आणि रस्ता वेगळा आहे. रेटिंग म्हणजे प्रत्यक्ष हाताने काम करणारे, दोर ओढणारे, रंग लावणारे, सुकाणूवर उभे राहणारे, इंजिन रूममध्ये मदत करणारे. त्यासाठी जो कोर्स असतो तो जीपी रेटिंग, जनरल पर्पज रेटिंग, सहा महिन्यांचा, तिथेच राहून करायचा, आणि तो मुंबईतल्या डीजी शिपिंगने म्हणजे नौवहन महानिदेशालयाने मान्यता दिलेल्या इन्स्टिट्यूटमध्येच करायचा. वय साडेसतरा ते पंचवीस. दहावीला विज्ञान आणि गणित असलेलं, एकूण ४० टक्के, आणि इंग्रजीत वेगळे ४० टक्के, मग ते दहावीचे असोत की बारावीचे. आमच्याकडे पोरं इथेच अडकतात, एकूण साठ टक्के असतात आणि इंग्रजीत पस्तीस. मी बारावी कॉमर्स केलेला, दहावीचं इंग्रजी जेमतेम बसलं म्हणून निभावलं.

मला हे कळलं डोंबिवलीच्या मामांकडून. त्यांच्या बिल्डिंगमध्ये एक बोसन राहायचे, बोसन म्हणजे डेकवरच्या रेटिंगांचा मुख्य, जुनी माणसं त्याला सारंग म्हणतात. मामांनी त्यांच्याशी फोनवर बोलणं करून दिलं आणि त्यांनी मला पहिलीच गोष्ट काय विचारली, डोळे तपासलेस का. मी म्हटलं मला चष्मा नाहीये. ते म्हणाले चष्म्याचं नाही विचारत, रंग ओळखता येतात का ते बघून घे, मग बाकीचं बोलू.

याचं महत्त्व मला तेव्हा एवढं वाटलं नव्हतं. मी आणि माझा एक मित्र, मुरैनाचा, रोज दहा किलोमीटर पळणारा, आम्ही दोघं इथल्याच एका डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांच्याकडे ते इशिहाराचं पुस्तक असतं, रंगीत ठिपक्यांच्या गोलात आकडे लपलेले. मला आकडे दिसत गेले. मित्र प्रत्येक पानावर थांबत होता, डोळे बारीक करत होता, एक-दोन आकडे त्याने भलतेच सांगितले. डॉक्टरांनी त्याला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही असं सांगितलं तेव्हा तो मानायलाच तयार नव्हता, एकोणीस वर्षांत हे कधी समजलंच नव्हतं. रात्री समोरच्या जहाजाचा लाल दिवा दिसला की हिरवा यावरून ते कुठल्या बाजूला चाललंय ते कळतं, डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा, म्हणून डेकवर याबाबतीत काहीही सूट नाही. त्याला वाईट फार वाटलं, पण त्याच्या घरचा एक रुपया अजून खर्च झालेला नव्हता. तो आता बँकेत आहे आणि मजेत आहे. डीजी शिपिंगच्या मान्यताप्राप्त डॉक्टरकडची मेडिकल नंतर करावीच लागते, मी ती मुंबईत केली, पण त्याच्या आधी आपल्या गावात ही तपासणी करून घ्या. सगळ्यात आधी.

दुसरं काम कागदांचं, आणि यात आपल्या मराठी घरांत एक खास अडचण येते. एमपी बोर्डाच्या मार्कशीटवर माझं नुसतं नाव आणि आडनाव, वडिलांचं नाव वेगळ्या ओळीत. आधारवर कुणीतरी मधे बाबांचं नाव घातलेलं. आणि आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग एकीकडे एका आयने, दुसरीकडे दोन ईने. रोजच्या व्यवहारात कोणी विचारत नाही, पण इथे दहावीची मार्कशीट, पासपोर्ट, पुढे इंडोस म्हणजे खलाशाचा नोंदणी नंबर, सीडीसी म्हणजे खलाशाची वही, सगळ्या सर्टिफिकेटांवर एकच नाव एकाच स्पेलिंगने पाहिजे. बोसनकाकांनी आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून मी दहावीच्या मार्कशीटप्रमाणे आधार दुरुस्त करून घेतलं आणि मग पासपोर्टला अर्ज केला. पासपोर्ट आमचा भोपाळच्या ऑफिसातून निघतो, पोलीस व्हेरिफिकेशनला हवालदार घरी येऊन आईला चार प्रश्न विचारून गेला, आणि तो स्पीडपोस्टाने आला. पासपोर्ट हातात आल्याशिवाय पुढे काही करूच नका, कारण बाकी सगळं त्यावरच उभं राहतं.

आता एजंट. बाबांच्या ओळखीतून एक गृहस्थ घरी आले होते, ठाटीपूरला ऑफिस आहे म्हणाले. बोलणं एकदम गोड. कोर्सची गरज नाही, सहा महिने कशाला घालवता, आम्ही बाहेरच्या देशाचं सीडीसी काढून देतो आणि दुबईहून जहाजावर चढवतो, साडेतीन लाख, अर्धे आत्ता अर्धे व्हिसा आल्यावर. फोनमध्ये जहाजावर उभ्या असलेल्या पोरांचे फोटो दाखवले. बाबा ऐकत होते, आईने चहा आणला. मी बोसनकाकांना तिथूनच फोन लावला आणि त्यांनी सांगितलं त्या माणसाला एवढंच विचार, आरपीएसएल नंबर काय आहे. त्यांनी उत्तर दिलं नाही, ते सगळं नंतर सांगतो म्हणाले, आणि मग परत आले नाहीत.

हा आरपीएसएल म्हणजे खलाशी भरती करण्याचं लायसन्स, रिक्रूटमेंट अँड प्लेसमेंट सर्व्हिस लायसन्स, डीजी शिपिंग देतं. भारतातून जहाजावर माणूस पाठवायचा तर कंपनीकडे हे पाहिजेच, आणि कुणाकडे आहे, कुणाचं रद्द झालंय याची यादी डीजी शिपिंगच्या वेबसाईटवर असते, घरबसल्या बघता येते. आणि लायसन्स असलेल्या कंपनीलाही नोकरी लावण्याचे पैसे मुलाकडून घेता येत नाहीत. आपल्या देशाचा नियम तसा आहे, आणि एमएलसी २००६ म्हणून खलाशांच्या हक्कांचा जो आंतरराष्ट्रीय करार आहे, भारताने तो २०१५ मध्ये मान्य केला, त्यातही तेच आहे. मेडिकल, सीडीसी आणि पासपोर्ट एवढ्याचाच खर्च खलाशाने करायचा, व्हिसाचा खर्चसुद्धा मालकाचा. त्यामुळे व्हिसासाठी पैसे भरा असं कोणी म्हटलं की तिथेच उठायचं. आपल्याकडची पोरं याच रस्त्याने इराण-दुबईकडे कुठल्यातरी जुन्या लहान जहाजावर जाऊन अडकतात, पगार नाही, कागद खोटे, उतरताही येत नाही, आणि घरचे इथे कलेक्टर ऑफिसात अर्ज घेऊन फिरतात. हे मी ऐकीव सांगत नाहीये, शिंदे की छावणीतल्या एका मुलाच्या वडिलांबरोबर मी स्वतः ते अर्ज लिहायला बसलोय.

इन्स्टिट्यूट निवडताना मी काय बघितलं ते सांगतो. मान्यता आहे का हे तर बघायचंच, पण मान्यता बऱ्याच जणांकडे असते. खरा प्रश्न हा की कोर्स संपल्यावर जहाज कोण देणार. काही मुलं स्पॉन्सर असतात, म्हणजे एखाद्या शिपिंग कंपनीने आधीच त्यांना निवडलेलं असतं आणि पास झाल्यावर तीच कंपनी त्यांना ट्रेनी म्हणून घेते. काही मुलं नुसती फी भरून येतात. दोघांचा वर्ग एक, सर्टिफिकेट एक, पण बाहेर पडल्यावर जमीन-अस्मानाचा फरक. मी तीन-चार ठिकाणी फोन करून एकच विचारलं, मागच्या बॅचमधली किती मुलं कुठल्या कंपनीत गेली, नावं आणि कंपनीचा आरपीएसएल सांगा. एका ठिकाणी शंभर टक्के प्लेसमेंट असं चारदा ऐकवलं पण कंपनीचं नाव एकही नाही. जिथे नावं सांगितली तिथे गेलो, नवी मुंबईकडची एक इन्स्टिट्यूट. प्रवेशाला लेखी परीक्षा झाली, दहावीच्या पातळीचं इंग्रजी, गणित, विज्ञान, सामान्य ज्ञान, मग मुलाखत, मग मेडिकल. फी, युनिफॉर्म, मेस, पुस्तकं धरून दोन लाखांच्या वर गेलं, बाबांनी पतपेढीतून काढले आणि बाकीचे आत्याने दिले. आत्याने कधी परत मागितले नाहीत, पण पहिल्या पूर्ण पगारातून मी ते दिले.

पंजाब मेलने निघालो तेव्हा तिघरा धरणाहून मोठं पाणी मी पाहिलेलं नव्हतं.

कोर्समध्ये सुरुवातीचे दिवस शिस्तीचे. पहाटे पीटी, परेड, मग बॅरेकची झाडलोट, मग वर्ग. फौजेची तयारी केलेल्या पोरांना हे सोपं जातं, घरात लाडात वाढलेल्यांना जड. बॅचमध्ये बिहार, यूपी, तामिळनाडू, केरळ, रत्नागिरी, सगळीकडची मुलं. मराठी बोलणारा ग्वाल्हेरचा म्हटल्यावर रत्नागिरीकडच्या पोरांना आधी विश्वास बसेना, मग जेवायला एकत्र बसायला लागलो.

आम्हाला सीमनशिप म्हणजे डेकवरचं हातकाम शिकवायला एक निवृत्त सारंग होते, दापोलीकडचे. त्यांच्याकडून जे शिकलो ते आजही रोज हाताला लागतं. आधी गाठी, बोलाईन, क्लोव्ह हिच, शीट बेंड, रोलिंग हिच. बोलाईन ते डोळे मिटून करायला लावायचे, कारण जहाजावर रात्री पावसात उजेड नसतो. मग स्प्लाइस. आय स्प्लाइस म्हणजे दोराच्या टोकाला गाठ न मारता कायमचा फास विणायचा. तीन पिळांचा दोर टोकाकडून उकलायचा, प्रत्येक पिळाच्या टोकाला टेप गुंडाळायची नाहीतर त्याच्या झिपऱ्या होतात. मग फास वळवायचा आणि मधला पीळ आधी घ्यायचा, मूळ दोराच्या एका पिळाखालून, दोराच्या वळणाच्या उलट दिशेने. मग डावीकडचा त्याच्या शेजारच्या पिळाखालून. मग दोर पालथा करायचा आणि तिसरा पीळ उरलेल्या पिळाखालून. इथेच सगळ्यांचं चुकतं. पहिली फेरी झाली की तिन्ही टोकं एकाच पातळीवर तीन फटींतून बाहेर आली पाहिजेत, दोन टोकं एकाच फटीतून निघाली की उकलून परत. पीळ उघडायला लाकडी फिड असतं, टोकदार, ते घुसवून फट करायची आणि बोटाने टोक ढकलायचं. माझं होत नव्हतं, अंगठ्याचं कातडं निघालं, तेव्हा सर शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "दोराशी मारामारी करू नको रे, आधी उलटा पिरगाळ, तो आपणहून तोंड उघडतो, तेव्हा आत जा." खरंच तसंच होतं. उलटा पीळ दिला की दोर सैल होतो आणि फट दिसते. सिंथेटिक दोर गुळगुळीत असतो, निसटतो, म्हणून त्यात पाच फेऱ्या घालायला सांगायचे. झालं की हुकात अडकवून आम्हा चौघांना टोकाला लटकायला लावायचे, आणि म्हणायचे उद्या याच फासावर जहाज उभं राहणार आहे आणि समोर तुमचा दोस्त उभा आहे.

जहाज धक्क्याला बांधायचे दोर तुटतात तेव्हा काय होतं हे त्यांनी जितकं घोकून घेतलं तितकं दुसरं काही नाही. ताणलेला सिंथेटिक दोर तुटला की उलटा झेपावतो, त्याच्या वाटेत माणूस असला तर पाय जातो नाहीतर जीव जातो, त्या जागेला स्नॅप बॅक झोन म्हणतात. दोराच्या वेटोळ्यात पाय ठेवायचा नाही, ताणलेल्या दोराच्या रेषेत उभं राहायचं नाही, आणि बघू नको काम कर असं कोणी ओरडलं तरी आधी आपण कुठे उभे आहोत ते बघायचं. बंद टाक्यांचंही तसंच. बंद टाकीत गंजणारं लोखंडच आतला ऑक्सिजन खाऊन टाकतं, वास येत नाही, काही कळत नाही, माणूस दोन पायऱ्या उतरतो आणि कोसळतो. मग त्याला वाचवायला दुसरा धावतो आणि तोही जातो. हवा मोजल्याशिवाय, ऑक्सिजन २१ टक्क्यांच्या आसपास आहे याची खात्री झाल्याशिवाय आणि परमिट सही झाल्याशिवाय कुणीही उतरायचं नाही, सख्खा भाऊ आत पडलेला असला तरी आधी अलार्म. हे शिकवताना सरांचा आवाज बदलायचा, त्यांच्या डोळ्यांसमोर कोणीतरी गेलेलं असणार, आम्ही विचारलं नाही.

बेसिक सेफ्टीचे कोर्स याच्या आतच होतात, एसटीसीडब्ल्यू म्हणून जो १९७८चा आंतरराष्ट्रीय करार आहे आणि ज्यात २०१० मध्ये मनिलाला मोठे बदल झाले, त्याप्रमाणे. पाण्यात जीव वाचवणं, आग विझवणं, प्रथमोपचार, वैयक्तिक सुरक्षा आणि जबाबदाऱ्या, आणि वर सिक्युरिटीचा एक. मला पोहायला जेमतेम यायचं, उन्हाळ्यात इथल्या पूलवर शिकलेलो. लाईफजॅकेट घालून उंचावरून उडी मारायची असते. एका हाताने नाक-तोंड झाकायचं, दुसऱ्या हाताने जॅकेट छातीशी खाली दाबून धरायचं, नाहीतर पाण्याच्या माराने ते वर येऊन हनुवटीला लागतं. खाली बघायचं नाही, समोर बघायचं, पाय जुळवून एक पाऊल पुढे. उडी नाहीच ती, नुसतं पुढे चालायचं. खाली बघितलं की माणूस वाकतो आणि तोंडावर पडतो. त्याहून अवघड म्हणजे उलटलेला लाईफराफ्ट सरळ करणं. गॅसच्या बाटलीच्या बाजूला वर चढून उभं राहायचं, तळाचा पट्टा धरायचा, वारा मदत करेल अशी बाजू घ्यायची आणि अंग मागे झोकून द्यायचं. राफ्ट तुमच्या अंगावरच पडतो. क्षणभर वर छप्पर, खाली पाणी, काळोख. घाबरायचं नाही, तोंड वर ठेवून हाताने राफ्टचा तळ ढकलत पाठीवर सरकत बाहेर यायचं. रत्नागिरीचा एक पोरगा, खाडीत वाढलेला, त्याने हे पहिल्यांदा हसत हसत केलं आणि मग आमच्यातल्या प्रत्येकाबरोबर पाण्यात थांबला.

आगीचं ट्रेनिंग म्हणजे धुराची खोली. पाठीवर हवेची बाटली, तोंडावर मास्क, समोर काहीच दिसत नाही. भिंतीला हाताची मागची बाजू लावून चालायचं, तळवा नाही, कारण तुटकी वायर तळव्याला लागली तर मूठ आवळते आणि सुटत नाही. पाय उचलायचे नाहीत, घासत न्यायचे, पुढे जमीन आहे का ते आधी बघायचं. हवा संपत आली की बाटलीची शिट्टी वाजते, शिट्टी वाजली की काम अर्धवट सोडून बाहेर.

आमची बॅच जानेवारीची होती म्हणून ५ एप्रिल कोर्समध्येच आला, राष्ट्रीय नौवहन दिन. १९१९ मध्ये त्या दिवशी एसएस लॉयल्टी हे जहाज मुंबईहून लंडनला निघालं, सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचं, इंग्रज कंपन्यांची मक्तेदारी असताना आपल्या लोकांनी काढलेलं. हे सगळ्यांना शिकवतात. त्या दिवशी कॅप्टन साहेबांनी पुढचं सांगितलं, की हे जहाज आधी ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी घेतलेलं होतं, पहिल्या महायुद्धात ते हॉस्पिटल शिप म्हणून चालवलं आणि लॉयल्टी हे नाव तेव्हाच पडलं, नंतर वालचंद हिराचंद आणि मंडळींनी ते विकत घेतलं. सगळी बॅच माझ्याकडे वळून बघायला लागली. महाराज बाड्यावरून मी लहानपणापासून हजारदा गेलोय, जयविलास पॅलेस शाळेच्या सहलीत पाहिलाय, पण हे आम्हाला ग्वाल्हेरच्या कुठल्या शाळेत कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगायला हवं. समुद्र आपला नाही असं जे आमच्याकडे धरून चालतात ते बरोबर नाही.

शेवटी एक्झिट परीक्षा, ती इन्स्टिट्यूट घेत नाही, बोर्ड ऑफ एक्झामिनेशन्स फॉर सीफेअरर्स ट्रस्ट घेतं, लेखी आणि प्रॅक्टिकल. रोज हाताने काम केलं असेल तर भीती नाही. इंडोस नंबर, म्हणजे खलाशांच्या राष्ट्रीय नोंदणीतला तुमचा नंबर, तो इन्स्टिट्यूटमार्फत मिळतो आणि जन्मभर तोच राहतो. पास झालं की सीडीसीला ऑनलाइन अर्ज. सीडीसी ही खलाशाची वही, दहा वर्षं चालते, तुम्ही कुठल्या जहाजावर कधी चढलात कधी उतरलात ते सगळं त्यात. नंतर बायोमेट्रिक ओळखपत्रही काढावं लागतं, बीएसआयडी, २०१९ पासून सुरू झालं. त्याची सेंटरं समुद्रकाठच्या शहरांत आहेत आणि आपल्याकडच्यांसाठी जवळचं नोएडात. ग्वाल्हेरहून नोएडा एका दिवसात जाऊन येता येतं, मुंबईचा खर्च वाचतो, हे मला उशिरा कळलं. पिवळ्या तापाची लस जहाज मिळायच्या आधीच घेऊन ठेवा, घेतल्यावर दहा दिवसांनी ती ग्राह्य धरतात, आणि कंपनीचा फोन येतो तेव्हा हातात दहा दिवस नसतात.

हे सगळं झाल्यावर जो काळ येतो त्याबद्दल कोणी बोलत नाही. सर्टिफिकेट हातात आहे, सीडीसी आहे, आणि जहाज नाही. ज्यांना कंपनी होती ते महिना-दोन महिन्यांत गेले. मला वाट बघावी लागली, मामांकडे राहून रोज फाईल घेऊन निघायचं, बेलापूर, अंधेरी, फोर्ट, ऑफिसच्या बाहेर आपल्यासारखीच वीस-पंचवीस पोरं बसलेली, फ्रेशर नको म्हणून परत. एका ऑफिसात आतल्या माणसाने हळूच आकडा सांगितला. तो आकडा देऊन चढलेली मुलं मला माहीत आहेत आणि त्यांना मी वाईट म्हणणार नाही, घरी कर्ज असतं, वर्ष निघून जातं, पण तो आकडा बेकायदा आहे आणि तो मागणाऱ्याला लाज वाटली पाहिजे. आमच्या बॅचमधली काही चांगली, हातात कसब असलेली मुलं याच काळात सोडून गेली, एक डिलिव्हरी करतो, एक गावी शेती बघतो. मुलं तयार करायची आणि जहाजांची सोय बघायची नाही, हे मला मनापासून चुकीचं वाटतं. म्हणूनच वर एवढं लांबवून सांगितलं की फी भरायच्या आधी कंपनीचं विचारा.

मला जहाज मिळालं ते इन्स्टिट्यूटने नाव कळवलेल्या एका कंपनीतून, मुलाखतीत त्यांनी टेबलावर दोर ठेवला आणि शीट बेंड मारायला सांगितली. बल्क कॅरियर म्हणजे कोळसा-गहू असा सुटा माल नेणारं जहाज, ट्रेनी ओएस म्हणून, ओएस म्हणजे ऑर्डिनरी सीमन, साधा खलाशी, नऊ महिन्यांचा करार. कराराची प्रत चढायच्या आधी हातात घ्या, पगार, तास, परतीचं तिकीट सगळं त्यात असतं. नियमाने चोवीस तासांत किमान दहा तास आणि आठवड्यात ७७ तास विश्रांती मिळायला हवी, त्याची नोंद होते, न वाचता सही करू नका. ट्रेनीचा पगार थोडाच असतो, ओएस झालं की बरा, एबी म्हणजे त्याच्या वरचा अनुभवी खलाशी झालं की घर चालतं. सुरुवातीचं काम म्हणजे गंज. हातोडीने ठोकून काढायचा, वायर ब्रश मारायचा, प्रायमरचे हात, मग रंग, आणि पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत पोचेस्तोवर पहिल्या जागी परत गंज. पण ट्रेनिंग रेकॉर्ड बुक भरून घ्यायला विसरू नका, प्रत्येक काम केल्यावर चीफ ऑफिसरकडून सही, मागे लागून घ्या, कारण त्याच्यावर आणि समुद्रावरच्या महिन्यांवर पुढचं वॉचकीपिंग सर्टिफिकेट, म्हणजे पहाऱ्यावर उभं राहण्याचं, मिळतं.

सुकाणूवर मला एका फिलिपिनो एबीने उभं केलं. ऑर्डर आली की आधी ती मोठ्याने परत म्हणायची, स्टारबोर्ड टेन, म्हणजे उजवीकडे दहा अंश, मग चाक फिरवायचं, काटा दहावर आला की परत सांगायचं, व्हील इज स्टारबोर्ड टेन सर. नुसतं ऐकून फिरवायचं नाही. जहाज लगेच वळत नाही, वळायला लागलं की लगेच थांबतही नाही, आपण नवे असलो की चाक जास्त फिरवतो आणि मग नाकाचं टोक दोन्हीकडे डोलत राहतं. तो म्हणायचा थोडं दे आणि थांब. तासन्‌तास तसं उभं राहून मग कधीतरी रेषा सरळ यायला लागली.

वॉचकीपिंग सर्टिफिकेट माझं झालंय. पुढचं एबीचं, म्हणजे एबल सीफेअरर डेक, त्याला वॉचकीपिंग झाल्यावर डेकवरची १८ महिन्यांची नोकरी लागते, मान्यताप्राप्त ट्रेनिंग असेल तर १२. तेवढी सी सर्व्हिस या करारात पूर्ण होतेय. मधल्या सुट्टीत टँकरचा बेसिक कोर्सही करून घेतला कारण तेलाच्या जहाजांवर पगार बरा असतो आणि तो कोर्स नसेल तर तिथे उभंही करत नाहीत. पीएसटी म्हणजे पाण्यात जीव वाचवण्याचं आणि फायर फायटिंगचं रिफ्रेशर दर पाच वर्षांनी करावं लागतं, तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवलीय. जिवाजीगंजातली दोन मुलं जुलैच्या बॅचसाठी तयारी करतायत, एकाचे डोळे तपासून झालेत आणि आधारवरचं नाव दुरुस्त व्हायचंय, दुसऱ्याला इंग्रजीत छत्तीस आहेत म्हणून तो बारावीचा इंग्रजीचा पेपर परत देतोय.